फोटोतले चौघे
(हाटकेश येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



परवा वर्गात एका बाईंनी विचारले, "गुरुजी, कोर्टाने ज्याला फाशी सांगितली, तो गुन्हेगार असणारच ना?" उत्तर द्यायचे राहिले होते, ते आज देतो.

२००३ सालच्या जून महिन्यात नाशिकजवळ, पेरूच्या बागेतल्या एका झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच माणसे मारली गेली. आई आणि एक मुलगा तेवढे वाचले. पोलिसांनी सहा जणांना धरले. भटक्या जमातीतले, हातावर पोट असलेले मजूर. एक तर अठरा वर्षांचाही नव्हता. २००६ साली नाशिकच्या कोर्टाने सहाही जणांना फाशी सांगितली. हायकोर्टाने तिघांची फाशी उतरवून जन्मठेप केली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले, तर तेथे २००९ साली पुन्हा सहाही जणांना फाशी!

आता खरी गोष्ट ऐका. वाचलेल्या आईला पोलिसांनी सुरुवातीलाच आपल्या दप्तरातले गुन्हेगारांचे फोटो दाखवले होते. तिने चौघांना ओळखले. हे चौघे त्या सहांपैकी नव्हते! तशी नोंदही झाली होती. पण त्या चौघांना कोणी पकडले नाही. पुढे तिने या सहांकडेच बोट दाखवले. त्या माउलीला मी दोष देणार नाही. तिच्या डोळ्यांदेखत घर बुडाले होते. दोष तो कागद बाजूला सारणाऱ्यांचा. आणि मी तरी कोण मोठा? शाळेत मीही आधी छडी मारली आहे, चौकशी मागाहून केली आहे.

तो कागद मात्र फायलीतच होता. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने स्वतःचाच निकाल मागे घेतला, सगळे पुन्हा ऐकले, आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले. तपासात कसूर करणारे अधिकारी शोधा, असेही सरकारला बजावले. सोळा वर्षे गेली होती, त्यातली कितीतरी फाशीच्या छायेत. बाहेर त्यांच्या बायकापोरांचे काय हाल झाले असतील, ते तुम्हांला मी काय सांगावे?

सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा हुकूम झाला. पाच लाख म्हणजे पुष्कळ वाटतात, नाही? वह्या काढा. सोळा वर्षांचे दिवस होतात ५,८४०. भागाकार करून बघा. दिवसाला ८५ रुपये आणि वर काही पैसे येतील. आता तुमची नाक्यावरची एका दिवसाची मजुरी त्याच्या शेजारी लिहा.