पत्रिकेबरोबर रक्तही पहावे



अमरावती-अकोल्याकडे सोयरीक जुळविताना कूळ, पत्रिका, शेतीवाडी सारे पाहिले जाते. रक्ततपासणीचे नाव काढणे मात्र अपशकुन ठरते. मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक आईकडून, एक पित्याकडून. त्यांवरील एका जनुकात एकच अक्षर बदलले की हिमोग्लोबीन बिघडते, आणि प्राणवायू कमी पडताच रक्तकण विळ्यासारखे वाकतात. हाच सिकलसेल. १९५८ साली शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील त्याची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली. मेळघाटच्या कोरकूंप्रमाणेच विदर्भातील इतर अनेक ज्ञातींतही तो आढळतो. एकच सदोष जनुक असलेला वाहक बहुधा धडधाकट असतो. इतकेच नव्हे, हिवतापापासून त्याचे काहीसे रक्षणही होते. म्हणूनच हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला.

दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोगाचा संभव चारांत एक. तीन मुले निरोगी निपजली म्हणून चौथे आजारीच, असे नव्हे. फासा दर खेपेस नव्याने पडतो. सुनेलाच बोल लावणे तर निव्वळ अन्याय होय, कारण सदोष जनुक दोहोंकडून आल्यावाचून रोग उतरत नाही. ज्ञातीत, त्यातही आतेमामे भावंडांत, लग्ने होतात तेथे असे दोन वाहक एकत्र येणे अधिक संभवते. संघाच्या वधूवर नोंदवहीत या तपासणीचा एक रकाना वाढवावा, अशी आमची कार्यकारी मंडळास विनंती आहे.