सावलीवर हक्क कुणाचा?

(राजूर येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



सभा संध्याकाळी सहाला ठेवली, तरी एकीने विचारलेच, "ताई, मे महिन्यात सभा कशाला घेता?" ऊन हाच आजचा विषय आहे, म्हणून.

बातम्यांत सांगतात, आज पारा 45 अंश. हा आकडा वेधशाळेच्या पांढऱ्या, हवेशीर पेटीतला. सावलीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर मोजलेला. आपण त्या पेटीत राहत नाही. चुनाभट्टीपाशी वाकून काम करणाऱ्या बाईला वरून ऊन, खालून तापलेली जमीन आणि बाजूने भट्टीची धग लागते. उकाडा किती जाणवेल हे हवेचे तापमान, दमटपणा, वारा आणि आजूबाजूची धग यांवर ठरते. त्यात अंगावरचे कपडे आणि कामाचे कष्ट मिळवा.

16 एप्रिल 2023 रोजी खारघरला भर उन्हात सरकारी समारंभ झाला. 14 माणसे दगावली. तिथला पारा आपल्या मे महिन्याइतका चढलेला नव्हता. पण दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. आपल्याकडे उलटे. कोरड्या हवेत घाम कळायच्या आत वाळतो आणि शरीरातले पाणी संपत जाते. ते पिऊन भरून काढावे, तर आडोसा नाही, संडास नाही. म्हणून आपण घोटभर पाणीही टाळतो. मग लघवीला जळजळ, चक्कर. याला आपण नशीब म्हणतो. नशीब कसले? संडास न बांधणे हा कुणाचा तरी निर्णय असतो.

शास्त्राचे मापही पुरुषाचेच. कचेऱ्यांतला थंडावा ठरवण्याच्या सूत्रात 40 वर्षांचा, 70 किलो वजनाचा पुरुष धरलेला होता, हे नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी 2015 मध्ये दाखवून दिले. कचेरीतल्या बाईचा हिशेब चुकला, तर बाजारात गोणपाटावर बसणारीचा कोण मांडणार?

सोय म्हणून पत्र्याची शेड उभारतात. तापलेला पत्रा धग खाली फेकतो. कडुनिंबाची पाने पाण्याची वाफ सोडून स्वतः थंड राहतात, म्हणून त्याची सावली गार. पण त्या झाडाखालच्या पारावर दुपारी कोण बसते? बाई क्षणभर टेकली, तर चार नजरा वळतात. सावलीसुद्धा वाटून घेतलेली आहे, बायांनो!

अहमदाबादने 2010 च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर 2013 मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. राजूरचा आपण करू. उद्या दुपारी एक वाजता जिथे असाल, तिथे एवढेच पाहा: सावली आहे का, पाणी आहे का, संडास किती लांब आहे, आणि सावलीत कोण बसले आहे. पुढच्या बैठकीत सगळ्यांच्या नोंदी एकत्र करू आणि ग्रामसभेत ठेवू. झाडे, पाणी, संडास आणि भर दुपारी कामाला सुट्टी या चार मागण्या.

ग्रामसभेची वाट न पाहता एक गोष्ट मात्र उद्याच करू. दोघी-तिघी मिळून पारावर जाऊन बसू.