उंट नावाचं विमान आणि आमची शिलाई

आम्ही अकरा जणींचा शिवण गट. शाळेचे गणवेश, परकर, पिशव्या आणि लग्नसराईत ब्लाउज हे आमचं नेहमीचं काम. आज मात्र आम्ही बोलणार आहोत एका विमानाबद्दल. हसू नका, हे विमान आम्ही शिवलंय.

विज्ञान प्रदर्शनासाठी शाळेतल्या सरांना मुलांकडून जुन्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती करून घ्यायची होती. पहिल्या महायुद्धातलं, पंखावर पंख असलेलं, ‘सोपविथ कॅमल’ नावाचं ब्रिटिश लढाऊ विमान त्यांनी निवडलं. मुलांनी बांबूचा सांगाडा उभा केला आणि तिथंच काम अडलं. पंखांवर कापड चढेना, चढलं तर सुरकुत्या. मग सर आमच्या दारात आले. म्हणाले, “ताई, हे शिवणाऱ्याचं काम आहे, आमचं नाही.” आम्हाला वाटलं, विमान म्हणजे पत्रा, त्याला शिवायचं काय? सरांनी नकाशा उलगडला तेव्हा कळलं, की या विमानाच्या नाकाजवळ तेवढा पत्रा आहे. बाकी सगळं लाकूड, तार आणि कापड.

प्रतिकृतीचं प्रमाण एकास आठ. ऐकायला अवघड, पण आमच्या सुतारकाकांनी ते एका वाक्यात सोडवलं. एका इंचात आठ सूत असतात, म्हणून खऱ्या विमानाचा एक इंच म्हणजे आपलं एक सूत. खऱ्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत २८ फूट, आमचे साडेतीन फूट. खऱ्याची लांबी १८ फूट ९ इंच, म्हणजे २२५ इंच. आमची २२५ सूत, म्हणजे २८ इंच आणि वर एक सूत. त्यानंतर कुणालाही गणित अडलं नाही. टेप आमच्या गळ्यात असतेच.

आधी त्या विमानाबद्दल थोडं सांगतो. लंडनजवळ थेम्स नदीकाठी किंग्स्टन गाव आहे. तिथं चाकांच्या बुटांवर घसरत खेळायची एक मोठी बंदिस्त जागा होती. १९१२ मध्ये सोपविथ कंपनीनं ती घेतली आणि तिथं विमानं बांधायला सुरुवात केली. हे विमान पहिल्यांदा उडालं १९१६ च्या डिसेंबरात आणि १९१७ च्या उन्हाळ्यात लढाईवर गेलं. वैमानिकापुढे दोन मशीनगन, त्यांच्या मागच्या भागावर पत्र्याचं झाकण. त्या झाकणाचा उंचवटा उंटाच्या मदारीसारखा दिसायचा, म्हणून नाव पडलं कॅमल, म्हणजे उंट. अशी साडेपाच हजारांच्या आसपास विमानं बांधली गेली. एका कंपनीला ते झेपणारं नव्हतं, म्हणून कामं वाटून दिली होती. लिंकन शहरातला एक कारखाना तर मळणीयंत्रं बनवणारा होता. तोही विमानं बांधू लागला.

आणि कापड? ते शिवायला बायका. कारखान्यांतले जुने फोटो सरांनी दाखवले. लांबच लांब टेबलं, त्यावर पंखाचा सांगाडा आडवा ठेवलेला आणि दोन्ही बाजूंनी डोकी खाली घालून बसलेल्या बायका. आमच्या एकीनं पटकन म्हटलं, “अगं, ही तर गोधडी घालायला बसल्यात!” खरंच तसं दिसतं ते.

कापड होतं लिननचं, बहुतेक आयर्लंडमधल्या गिरण्यांतलं. लिनन येतं फ्लॅक्स नावाच्या झाडाच्या देठातून, आणि फ्लॅक्स म्हणजे आपली जवस. तीच निळ्या फुलांची जवस, जिची आपण चटणी करतो. आपल्याकडची जात बुटकी, बियांसाठी लावलेली. तिकडची उंच, धाग्यासाठी. झाड मात्र एकच. हे ऐकल्यावर ते विमान आम्हाला जरा ओळखीचं वाटायला लागलं.

आता शिवण कशी, ते नीट ऐका. कापडाचे पट्टे मशीनवर जोडून पंखाच्या मापाची पिशवी करायची. ती सांगाड्यावर ओढून कडा हातानं शिवायच्या, उशीच्या खोळीचं तोंड शिवतो तशा. एवढ्यानं भागत नाही. विमान उडतं तेव्हा पंखावरच्या कापडाला हवा वर खेचते, ते सांगाड्यापासून सुटून फुगू शकतं. म्हणून पंखातल्या प्रत्येक आडव्या फासळीशी ते बांधावं लागतं. लांब सुईत मेण लावलेला दोरा ओवायचा. सुई वरून खाली काढायची, फासळीला वळसा घालून परत वर आणायची आणि गाठ मारायची. सुमारे तीन इंचांवर एक गाठ, आणि पुढच्या पंख्याचा झोत जिथं लागतो तिथं त्याहून जवळ. गाठींच्या ओळीवर मग कापडाची पट्टी चिकटवायची, दोन्ही कडांचे धागे सोडवून झालर केलेली, म्हणजे कड उचलली जात नाही आणि पट्टी घट्ट बसते. आपण कड उसवू नये म्हणून जिवाचं रान करतो आणि इथं मुद्दाम उसवायची! आमच्यातल्या जुन्या शिवणाऱ्या मावशींना हे काही केल्या पटत नव्हतं. शेवटी त्यांनी साधी आणि झालरीची अशा दोन पट्ट्या लावून पाहिल्या. साधीची कड वाळल्यावर उचलली. त्यानंतर मावशीच झालरी काढत बसल्या.

तीन इंचांवर गाठ म्हणजे आपल्याला तीन सुतांवर. आम्ही मलमल घेतली, न धुतलेली, कारण ती ओली झाल्यावर आवळते. खऱ्या विमानाच्या पंखांचं क्षेत्रफळ २३१ चौरस फूट. आमचं त्याच्या चौसष्टाव्या भागाइतकं, पण वरखाली दोन्ही बाजूंना कापड. अंग आणि शेपूट धरून दीड मीटर मलमल पुरली. दिवस मात्र अकरा लागले, तेही दुपारचे दोन तास.

याच्या पुढची गोष्ट सांगण्यासाठीच खरं तर आम्ही इथं आलो आहोत.

कापड शिवून झालं तरी ते सैलच असतं. हलगीसारखं ताणून निघावं आणि त्यातून हवा-पाणी जाऊ नये म्हणून खऱ्या विमानाला एक पातळ रसायन चार-पाच हात लावायचे. त्याला ‘डोप’ म्हणतात. आम्हाला वाटलं, आपणही तसंच काहीतरी लावू. फर्निचरला मारतात ते लॅकर आणि थिनर आणलं. पावसाचे दिवस, म्हणून गटाच्या खोलीची दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि खालच्या डाव्या पंखाला वरच्या बाजूनं दोन हात दिले. गोडसर वास होता, आधी बरा वाटला. अर्ध्या तासात दोघींचं डोकं धरलं. आमच्यातली एक पाच महिन्यांची गरोदर होती, तिला उलट्या सुरू झाल्या. आम्ही तिला बाहेर आणलं, लगेच दवाखान्यात नेलं. ती आणि बाळ दोघंही ठीक निघाली, पण ती रात्र कुणाला झोप लागली नाही. सकाळी खोली उघडली तर पंख तळलेल्या पापडासारखा वळलेला. एकाच बाजूला हात दिला होता, ती बाजू आवळली. पंखाचं काय, तो परत करता येतो.

सरांना सांगितलं तेव्हा ते गप्पच झाले. मग त्यांनी वाचून काढलेलं आम्हाला सांगितलं. त्या काळच्या डोपमध्ये सेल्युलोजचं एक संयुग पातळ करायला टेट्राक्लोरोइथेन नावाचा द्राव वापरत. त्याची वाफ श्वासातून आत गेली की यकृत नासतं. १९१४ च्या अखेरीस लंडनजवळच्या विमान कारखान्यातल्या कामगारांना कावीळ होऊ लागली. आधी मळमळ, अन्नावरची वासना जाणं, थकवा, मग डोळे पिवळे. काही दगावले, त्यांत बायकाही होत्या. डॉक्टरांनी दुखण्याचं मूळ त्या द्रावात आहे हे शोधून काढलं. १९१६ पासून अशी कावीळ दिसली की सरकारला कळवणं सक्तीचं झालं, आणि त्या वर्षाअखेरपर्यंत तिथं तो द्राव डोपमधून काढून टाकला. म्हणजे दुसरा द्राव होता, करता येत होतं. मधल्या काळात ज्या गेल्या, त्या लढाईवर गेलेल्या नव्हत्या. त्या आपल्यासारख्याच टेबलाशी बसलेल्या होत्या.

आम्ही वापरलं ते थिनर वेगळं होतं. तरी एक गोष्ट सारखीच आहे, तेवढी लक्षात ठेवा. अशी वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते. वरचा झरोका उघडा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. जमिनीवर बसून काम करणाऱ्या बाईच्या नाकाशीच ती असते. पिशव्यांवर छपाई करणाऱ्या, चपला चिकटवणाऱ्या, फर्निचरला पॉलिश मारणाऱ्या आपल्यात कितीतरी जणी आहेत. असं काम उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून करा. गरोदर बाई, अंगावर पाजणारी बाई किंवा लहान मूल जवळ नको. आणि डबा झाकलेला हवा. मालक म्हणेल पाऊस आहे, आत बसा. तर काम उद्यावर जाऊ द्या.

आम्ही लॅकर परत दिलं. तांदळाची खळ केली, पातळ, आणि पंखाच्या दोन्ही बाजूंना एकाच बैठकीत लावली. मलमल पाण्यानं आवळली, खळीनं ताठ झाली. टिचकी मारली की टण्ण वाजायची. वासही नाही.

रंगाची गंमत सांगतो. त्या विमानांची वरची बाजू तपकिरी-हिरवट असायची. उन्हानं लिनन कुजू नये म्हणून तो रंग. त्यात काय होतं, तर पिवळसर लोहमाती आणि काजळी. आमच्याकडे दोन्ही घरात! कावेत थोडी पिवळी माती घातली आणि काजळी खलली. पहिल्या वेळी काजळी जास्त झाली, विमान म्हशीच्या रंगाचं निघालं. दुसऱ्यांदा जमलं. खालची बाजू कापडाच्याच रंगाची ठेवली, खऱ्यालाही तशीच असे.

इंजिन मुलांनी केलं, पण दोरा आमचा. नऊ नळकांडी चक्राच्या आऱ्यांसारखी गोल लावलेली. प्रत्येक नळकांड्यावर खाचा असतात, थंड राहायला. बांबूच्या कांडीवर काळा दोरा शेजारी शेजारी गुंडाळला की हुबेहूब खाचा दिसतात. या इंजिनाची तऱ्हा अशी, की पंख्याबरोबर सगळं इंजिनच गरगर फिरायचं. सायकलचं सुटं चाक दोन्ही हातांत आसाला धरा, कुणाला तरी जोरात फिरवायला सांगा आणि चाक वळवून बघा, ते भलतीकडे ओढ घेतं. तसंच हे विमान. उजवीकडे वळवलं की नाक खाली जायचं, डावीकडे वळवलं की वर. ज्याला जमलं त्याच्या हातात ते चपळ, ज्याला नाही तो शिकतानाच जायचा. असे पुष्कळ पोरगे गेले.

त्या इंजिनाला तेल लागायचं एरंडेल. पेट्रोल इंजिनाच्या पोटातूनच जायचं, आणि एरंडेल पेट्रोलमध्ये विरघळत नाही म्हणून तेच हवं. वापरलेलं तेल परत यायचं नाही, धुरासारखं मागं उडायचं, वैमानिकाच्या तोंडावर आणि पोटात. पुढे काय होत असेल ते लहानपणी एरंडेल प्यायलेल्यांना सांगायला नको. एरंडी तेव्हाही जगाला पुरवायची ती मुख्यतः आपल्या देशानं.

हे विमान आपल्याकडच्या एका माणसानंही चालवलं. रावळपिंडीचे हरदितसिंग मलिक, २८ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये. पगडीवर बसेल असं शिरस्त्राण त्यांनी करून घेतलं होतं. १९१७ च्या ऑक्टोबरात लढाईत पायाला गोळ्या लागल्या, तरी वाचले. पुढे एरंडेलाच्या धुराचा त्यांना त्रास होऊ लागला म्हणून दुसरं विमान दिलं गेलं. स्वातंत्र्यानंतर ते फ्रान्समध्ये आपले राजदूत होते. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर सोपविथच्याच डॉल्फिन विमानावर होते. १९१८ च्या जूनमध्ये ते फ्रान्समध्ये पडले आणि तिथंच गेले.

मावशींनी मध्येच विचारलं होतं, “हे माणसं मारायचं यंत्र. पोरांना कशाला शिकवायचं?” आमच्यात यावर वाद झाला. काहींना वाटलं, गन लावूच नयेत. सर म्हणाले, त्या काढल्या तर उंटाची मदारच राहत नाही, आणि खोटं विमान कशाला दाखवायचं? शेवटी रिकाम्या रिफिलांच्या दोन गन लावल्या. मावशींनी त्यांना हात लावला नाही. मात्र विमानापुढच्या पाटीवर वैमानिक, वेग आणि गोळ्या एवढंच लिहिलेलं पाहून त्यांनीच खडू उचलला आणि खाली लिहिलं, ‘कापड बायकांनी शिवलं. डोपच्या वाफेनं काही मेल्या.’

प्रदर्शन झालं. विमान शाळेच्या कपाटावर होतं. गेल्या आठवड्यात सरांचा निरोप आला, उंदरांनी खालचा पंख खाल्ला. खळीत मोरचूद घालायचा राहिला होता, चूक आमचीच. तो पंख आता उसवून आमच्या खोलीत आणलाय. मोरचूद आणलाय, वेगळ्या डब्यात ठेवलाय, वर चिठ्ठी लावलीय. उद्या दुपारी बसणार आहोत, ओसरीवर.