वजन उतरतें, छाती कां उतरत नाहीं?

पुरुषाचें पोट सुटलें तर घरांत त्याची उघड चर्चा होते, थट्टाही होते. छातीचा मात्र उच्चार होत नाहीं. लठ्ठ गृहस्थ पोहण्याच्या तलावावर जाणें टाळतो, सोवळें नेसून पंगतीस बसण्याची वेळ आली कीं उपरणें छातीवर ओढून घेतो, भर वैशाखांत सदऱ्याखालीं जाड बंडी घालतो. आणि यांचें कारण पत्नीसही सांगत नाहीं. पुढें एके दिवशीं तो निश्चयानें आहार आवरतो, रोज चालूं लागतो आणि वर्षभरांत वीस-पंचवीस किलो वजन उतरवितो. पोट ओसरतें, गालांचीं हाडें दिसूं लागतात, विजारी आंत घेण्यासाठीं शिंप्याकडे जातात. छाती मात्र तशीच राहते. किंबहुना भोंवतालचें अंग आटल्यामुळें ती पूर्वींपेक्षां अधिक डोळ्यांत भरते. वजन घटविल्यामुळेंच हें झालें, असें कोणास वाटतें. तर वजन अजून पुरेसें घटलेलें नाहीं, असें कोणास वाटतें. या दोन समजुतींपैकीं दुसरी अधिक घातक होय. कारण तिच्या पायीं चांगला सुधारत चाललेला मनुष्य उपाशी राहूं लागतो.

छातीच्या या फुगवट्यांत तीन निरनिराळ्या वस्तु असूं शकतात: मेद, ग्रंथि आणि त्वचा. पैकीं मेद वजनाबरोबर घटतो. मात्र तो शरीराच्या कोणत्या भागांतून आधीं जावा हें मनुष्याच्या इच्छेवर अवलंबून नसतें. दंड-जोर काढल्यानें खालचा स्नायु बळकट होतो. त्याच्या वरची चरबी तेवढ्यानें वितळत नाहीं.

ग्रंथीची गोष्ट वेगळी आहे. प्रत्येक पुरुषाच्या स्तनाग्राखालीं दुग्धग्रंथीचा एक लहानसा अवशेष असतो. नवजात अर्भकांत, वयांत येणाऱ्या मुलांत आणि उतारवयांत तो कधीं कधीं फुगतो. मुलांतील ही सूज बहुधा सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते. लठ्ठपणांत या अवशेषास निराळेंच खतपाणी मिळतें. मेद ही निव्वळ सांठवण नव्हे. त्यांत अ‍ॅरोमटेज नांवाचें एक द्रव्य असतें व तें टेस्टोस्टेरॉन या पुरुषी अंतःस्रावाचें रूपांतर इस्ट्रोजेन या स्त्रैण अंतःस्रावांत करतें. मेद जितका अधिक तितकें हें रूपांतर अधिक. अशा रीतीनें वाढलेली ग्रंथि ताजी असेल तर मागें हटूं शकते. परंतु वर्षभराहून अधिक काळ राहिल्यास ती तंतुमय व घट्ट बनते, आणि मग पथ्यानें वा व्यायामानें ती नाहींशी होत नाहीं. राहिली त्वचा. वर्षानुवर्षें ताणलेली त्वचा आंतील भरण गेल्यावर पूर्ववत् आक्रसत नाहीं; ती रिकाम्या पिशवीसारखी लोंबते.

उपासानें या तिन्हींपैकीं केवळ मेदच घटतो, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. उलट उपासमार आणि मागाहून मिळालेलें भरपूर अन्न यांमुळें ग्रंथि सुजल्याचीं उदाहरणें नमूद आहेत. १९४५ सालीं दुसरें महायुद्ध संपतांना जपानच्या बंदिवासांतून सुटलेल्या सैनिकांना पोटभर अन्न मिळूं लागलें, तेव्हां त्यांच्यापैकीं कित्येकांच्या स्तनाग्रांखालीं दुखऱ्या गांठी आलेल्या डॉक्टरांस आढळल्या. उपासमारींत वृषणांचें कार्य मंदावतें; अन्न मिळतांच तें पुन्हां जागें होतें, आणि वयांत येणाऱ्या मुलांतल्याप्रमाणें अंतःस्रावांचा तोल कांहीं काळ ढळतो. म्हणून आठवडाभर उपाशी राहून पुढें भरपेट खाण्यापेक्षां आठवड्याला अर्धा ते एक किलो या बेतानें वजन उतरविणें शहाणपणाचें.

मेद कोणता आणि ग्रंथि कोणती हें कळण्यास एक साधी परीक्षा आहे. उताणें निजून अंगठा व तर्जनी स्तनाच्या दोन्ही बाजूंस ठेवावीं आणि तीं हलकेंच स्तनाग्राकडे आणावीं. मध्यभागीं रबरासारखी घट्ट चकती लागली तर ती ग्रंथि; कांहींच न अडतां बोटें एकत्र आलीं तर तो मेद. ही परीक्षा एकदां पुरे. रोज दाबून पाहणें बरें नव्हे. निर्णय डॉक्टरानें करावयाचा असतो.

कांहीं खुणा मात्र एक दिवसही लपवूं नयेत. गांठ एकाच बाजूस, स्तनाग्रापासून दूर व दगडासारखी कठीण असणें, स्तनाग्र आंत ओढलें जाणें, त्यांतून रक्त येणें, काखेंत गोळा लागणें, या त्या खुणा होत. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत सुमारें एक पुरुष असतो, आणि लाजेपायीं तो बहुधा उशिरां येतो. वृषणांतील गांठ, यकृताचे व मूत्रपिंडाचे विकार, थायरॉइडचा अतिरेक यांमुळेंही ग्रंथि वाढते. स्पायरोनोलॅक्टोन, फिनॅस्टेराइड अशीं औषधें आणि शरीर कमावण्यासाठीं चोरून घेतलेलीं स्टेरॉइडें यांचाही हा परिणाम असूं शकतो. म्हणून डॉक्टरापुढें कांहीं झांकून ठेवूं नये. मात्र चालू औषध आपल्या मनानें बंदही करूं नये.

शस्त्रक्रियेची घाई नको. वजन निदान सहा महिने स्थिर राहिल्यावरच तिचा विचार करावा. मेद शोषून घेतां येतो, ग्रंथि छेद घेऊन काढतां येते, लोंबती त्वचा कापतां येते. पण त्वचा जितकी कापावी तितके व्रण राहतात, हें आधीं समजून घ्यावें.

ही व्यथा नवी नाहीं. या विकाराचें ग्रीक नांव गॅलेन या दुसऱ्या शतकांतील वैद्याच्या काळापासून चालत आलें आहे. सातव्या शतकांतील ईजायनाच्या पॉल या वैद्यानें चंद्रकोरीसारखा छेद घेऊन ती वाढ काढण्याची रीत लिहून ठेवली. आणि हें व्यंग पुरुषास बायकीपणाचा दोष आणतें म्हणून तें काढणें योग्य, असें कारणही दिलें. म्हणजे शरीराइतकीच लाजही पुरातन आहे. ज्यानें वर्षभर जिभेला आवर घालून पंचवीस किलो वजन उतरविलें, त्याच्या हृदयावरील, गुडघ्यांवरील व रक्तांतील साखरेवरील भार हलका झाला आहे. छातीवर उरलें तें त्याच्या निश्चयाचें अपयश नव्हे. जुन्या दिवसांची ती शिल्लक आहे. ती कशाची, हें डॉक्टराकडून एकदां समजून घ्यावें. आणि घरच्यांनीं, निदान त्या बंडीवरून, थट्टा करूं नये.