उगवलंच नाही, तर?

पारनेरला कांद्याचं रोप टाकलं, शेवगावला कपाशी लावली, आणि बी उगवलंच नाही. दुकानदार म्हणतो, "तुमचीच पेरणी चुकली." अशा वेळी मुकाट्याने घरी येऊ नका. बियाणं विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं. तपासणीसाठी बी राखून ठेवलं नाही, एवढ्यावरून तक्रार फेटाळता येत नाही, हेही त्याच निकालात आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. सगळं बी पेरून मोकळं होणं हीच तर आपली रीत!

पक्की पावती मात्र मागून घ्याच. तिच्यावर वाण आणि लॉट नंबर हवा. पिशवीचं लेबल फेकू नका, पावतीला टाचून ठेवा. उगवण फसली की लगेच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, शेताचा पंचनामा करून घ्या.

कंपनी हैदराबादची असली तरी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दावा आपल्या नगरच्या जिल्हा ग्राहक आयोगात लावता येतो. मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. चौकशीसाठी ग्राहक हेल्पलाइनचा फोन नंबर आहे 1915.