औषध नव्हे, नुसता काढा!



दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर आपल्याला एक साधा प्रश्न विचारतात, "दुसरे काही औषध चालू आहे का?" आणि आपण बहुतेक वेळा चटकन सांगून मोकळे होतो, "नाही, कसलेच नाही." आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते या प्रश्नाविषयी आणि या उत्तराविषयी. मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. महाविद्यालयात मराठी शिकवणारा माणूस. पण 'औषध' या शब्दाचा अर्थ आपण किती अपुरा धरतो आणि त्यापायी जीवावर कसे बेतते, हे मी घरच्याच माणसाच्या बाबतीत पाहिले. म्हणून हे धाडस.

२०२० साल आठवा. करोनाची साथ, टाळेबंदी, घरोघरी धास्ती. त्या दिवसांत फोनवर रोज नवे काढे येत होते. त्यातला गुळवेलीचा एक मजकूर माझ्याकडे आला. मराठीचा शिक्षक पडलो; मी त्यातले शुद्धलेखन तेवढे नीट केले आणि पुढे वीस-पंचवीस जणांना धाडून दिला. मजकूर खरा की खोटा, हे पाहिले नाही. तासगाव तालुक्यात माझी मामी राहते. तिच्या बांधावरच्या कडुनिंबावर गुळवेल चढलेली होती. "मामी, हा काढा रोज घे," असे मीच तिला फोन करून सांगितले. शिकलेला भाचा सांगतो म्हटल्यावर ती कशाला मोडता घालील? बोटभर खोड ठेचून, पाण्यात उकळून, रोज सकाळी वाटीभर काढा ती घेऊ लागली. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. पावसाळा गेला, दिवाळी झाली, तरी काढा चालूच.

जानेवारीत तिची अन्नावरची वासना उडाली. लघवी चहासारखी दिसू लागली, डोळे पिवळे झाले. कावीळ म्हटल्यावर आपल्याकडे जे होते तेच झाले. शेजारच्या गावात कावीळ उतरवणारा एक जण होता, त्याचा पाला आणला. गळ्यात माळ घातली. शिवाय गुळवेल कावीळीवर चांगली म्हणून काढा दोन वेळा सुरू केला! असे पंधरा दिवस गेले. शेवटी तिला मिरजेला आणले. तिथल्या डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला, "आजी, कसलं औषध चालू आहे?" मामी म्हणाली, "न्हाई वो, गोळी म्हनून खाल्ली न्हाई कंदी."

बघा, ती खोटे बोलली नव्हती. तिच्या लेखी औषध म्हणजे गोळी, इंजेक्शन, सलाईन. काढा हा काढा असतो, तो औषधात कुठे धरायचा? आणि मी, भाषेचा प्राध्यापक, शेजारी उभा असून गप्प राहिलो. कारण माझ्याही मनात ते आले नाही. सगळ्या तपासण्या झाल्या. नेहमीच्या काविळीचे विषाणू सापडेनात. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा खोदून विचारले, "काही पाला, चूर्ण, काढा?" तेव्हा उलगडा झाला. काढा बंद झाला, उपचार झाले, आणि दोन-अडीच महिन्यांनी मामी पहिल्यासारखी चालू-फिरू लागली. आमचे दैव बरे, एवढेच म्हणायचे.

सगळ्यांचे दैव बरे नव्हते. मुंबईतल्या यकृततज्ज्ञ डॉक्टरांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत असे सहा रुग्ण पाहिले आणि २०२१ साली त्यांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. सहाही जण गुळवेल घेत होते. त्यांपैकी एक बाई दगावली. पुढे देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. गुळवेल सुरू केल्यापासून त्रास दिसेपर्यंत मध्यमानाने ४६ दिवस गेले होते. म्हणजे आज घेतले आणि उद्या बाधले असे होत नाही. दीड महिना माणूस म्हणत राहतो, "मला तर हे चांगले मानवले आहे."

यावर वादही झाला, तोही सांगितला पाहिजे. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये सांगितले की, गुळवेलीवर ठपका ठेवणे बरोबर नाही. तिच्यासारखीच दिसणारी, त्याच कुळातली दुसरी वेल रुग्णांनी घेतली असण्याचा संभव आहे. डॉक्टर आपल्या निष्कर्षावर ठाम राहिले. आता हा वाद विद्वानांचा. पण तुमच्या-माझ्यासाठी दोन्ही बाजूंचा अर्थ एकच निघतो. वेल खरी असेल, तर ती काही जणांना बाधते. वेल खोटी असेल, तर आपल्याला ती ओळखता येत नाही. दोन्हीकडून पाहिले तरी बांधावरची वेल मनाने उकळून महिनोन् महिने पिणे धोक्याचेच ठरते. आणखी एक पाहा. याच मंत्रालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये गुळवेलीच्या घनवटीचा सल्ला दिला होता, पण त्याला मुदत होती, पंधरा दिवस किंवा एक महिना. आपण वनस्पतीचे नाव तेवढे उचलले आणि मुदत सोडून दिली.

हे घडते कसे? यकृत म्हणजे आपले काळीज-कलेजे म्हणतात त्यातले कलेजे. बरगड्यांखाली उजव्या अंगाला असते. मोठ्या माणसाचे सुमारे दीड किलो भरते. आपण जे खातो-पितो, ते आतड्यांतून रक्तात गेले की पहिल्याने या नाक्यावर येते. अन्न असो, औषध असो, दारू असो, पाल्याचा रस असो. त्याची तपासणी, फोड आणि विल्हेवाट इथे लागते. झाड आपल्या रक्षणासाठी पानांत, मुळांत, सालीत शेकडो रसायने साठवते. ती आपल्यासाठी गोड हेतूने केलेली नसतात. त्यांतली काही यकृताला झेपतात, काही झेपत नाहीत. गुळवेलीच्या बाबतीत डॉक्टरांना दिसले ते असे: ती शरीराची प्रतिकारशक्ती चेतवते. पण काही माणसांच्या शरीरात ही शक्ती आपल्याच अवयवांवर उलटण्याचा कल आधीपासून असतो. अशा माणसात राखणीसाठी ठेवलेले कुत्रे घरधन्यालाच चावावे, तसे होते. आणि यकृत फार सोशीक. ते दुखत नाही, ओरडत नाही. डोळे पिवळे होईपर्यंत आत बरेच नुकसान होऊन गेलेले असते.

आता आपल्या सांगलीच्या सोन्याकडे येतो. हळद! हरिपूरच्या पेवांत साठवलेली, इथल्या बाजारात सौदे होऊन देशभर गेलेली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. हळदीविरुद्ध बोलून मी या जिल्ह्यात राहीन कसा? आमटीतली हळद, दुधातली चिमूटभर हळद पिढ्यान् पिढ्या आपण खात आलो. तिची भीती नको. पण अलीकडे हळदीतले कुरकुमिन काढून त्याच्या कॅप्सूल विकतात. हिशेब करू या. हळदीच्या भुकटीत कुरकुमिन असते शेकडा तीनच्या आसपास. पाचशे मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमध्ये ते शेकडा ९५ पर्यंत भरतात. म्हणजे एक कॅप्सूल गिळणे म्हणजे सुमारे पंधरा ग्रॅम, चहाचे चार-पाच चमचे हळद एकदम खाणे झाले. त्यात भर म्हणून मिऱ्यातले पिपेरिन घालतात. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवले की, पिपेरिन सोबत दिले तर रक्तात उतरणारे कुरकुमिन वीस पटींनी वाढते. जाहिरातीत हीच गोष्ट गुण म्हणून छापतात. यकृताच्या बाजूने पाहिले तर तोच बोजा होतो. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांनी हळदीच्या अशा गोळ्या घेणारे दहा रुग्ण नोंदवले. त्यांपैकी एक दगावला. दहांपैकी सात जणांच्या रक्तात एक विशिष्ट आनुवंशिक खूण सापडली. म्हणून शेजाऱ्याला मानवले ते आपल्याला मानवेलच, असा नेम नाही. ऑस्ट्रेलियाच्या सरकारनेही २०२३ साली या गोळ्यांबद्दल लोकांना सावध केले.

स्वयंपाकघरातली आणखी एक गोष्ट. दुधी भोपळा. २०१० साली दिल्लीत एका वरिष्ठ शास्त्रीय अधिकाऱ्यांनी नेहमीप्रमाणे दुधी-कारल्याचा रस घेतला. त्या दिवशी तो फार कडू लागला, तरी कडू ते गुणकारी म्हणून पिऊन टाकला. ते गेले, त्यांच्या पत्नी आजारी पडून वाचल्या. काकडी-भोपळ्याच्या कुळात कधीकधी एक कडू विष तयार होते. पोटात आग, उलट्या, रक्तस्राव, सगळे त्याने होते. यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या समितीने साधा सल्ला दिला: रस काढण्यापूर्वी फोड चाखून पाहा, कडू लागली तर फेकून द्या. आपल्या आज्या दुधी चिरताना टोकाची चकती जिभेला लावून बघत, ते उगीच नव्हे.

आणि मूत्रपिंडे? बेल्जियम देशात ब्रसेल्स शहरी १९९० नंतरच्या वर्षांत वजन उतरवण्यासाठी एका दवाखान्यात चिनी वनस्पतींची भुकटी देत. एका वनस्पतीच्या जागी नावसाधर्म्यामुळे दुसरीच आली. शंभरावर रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा झाली, बहुतेक स्त्रियाच. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. ही चुकून आलेली वनस्पती ज्या कुळातली, त्याच कुळातली सापसंद आपल्या रानात आहे आणि जाणते लोक तिची मुळी सर्पदंशावर देत आले आहेत. ती पोटात घेऊ नये. साप चावला तर मुळी शोधत न बसता दवाखाना गाठावा.

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही आयुर्वेदाच्या विरुद्ध बोलता. उलट आहे. चरकसंहितेतच सांगितले आहे की, नाव, रूप आणि गुण यांची ओळख नसलेले औषध शस्त्रासारखे, अग्नीसारखे घातक असते. आपल्या खेड्यांतही हे ज्ञान होते. बिब्बा उततो, हे लहान पोरालाही ठाऊक असते. बचनाग शुद्ध केल्यावाचून वैद्य वापरीत नाही. जुन्या माणसांनी झाडपाल्याला कधी निरुपद्रवी मानले नाही. त्यांनी त्याचा धाक बाळगला. निरुपद्रवी हे विशेषण डब्यांवर छापणाऱ्यांनी चिकटवले, आणि माझ्यासारख्यांनी शुद्धलेखन तपासून पुढे पाठवले.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, डॉक्टरांनी विचारो वा न विचारो, पोटात जाणारे सगळे सांगा. काढा, चूर्ण, रस, शक्तीची भुकटी, वजनाची गोळी, सगळे. सांगायला लाज वाटू देऊ नका. दुसरी गोष्ट, शिकलेल्या वैद्याने, वनस्पती ओळखून, मात्रा आणि मुदत ठरवून दिल्याखेरीज काही रोज घेऊ नका. ज्यांना यकृताचा, मूत्रपिंडाचा, थायरॉइडचा किंवा सांधेवाताचा विकार आहे, ज्यांच्या मधुमेहाच्या वा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत, ज्या बाया गरोदर आहेत, त्यांनी तर नाहीच. तिसरी गोष्ट, भूक मेली, मळमळ सुरू झाली, अंगाला खाज सुटली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले की काढा त्याच दिवशी बंद. यकृताची रक्ततपासणी करून घ्या. जाताना डबा असेल तर डबा, पाला असेल तर पाल्याची फांदी सोबत न्या. माळ घालून पंधरा दिवस घालवू नका.

शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. एखाद्या शनिवारी मुलांना सांगा, घरात आजी-आजोबा, आई-वडील गोळ्यांखेरीज काय काय घेतात याची यादी करून आणा. वहीत दोन रकाने आखा: कशासाठी घेतात, आणि कोणी सांगितले. दुसऱ्या रकान्यात "फोनवर आले" असे किती वेळा येते ते पाहा. ती यादी मुलांनी घरच्यांच्या दवाखान्याच्या फायलीत ठेवली, तर डॉक्टरांना चौथ्या दिवशी कळायचे ते पहिल्या दिवशी कळेल.

मामी आता बरी आहे. बांधावरची गुळवेल तिने तोडली नाही, "तिनं काय केलं? चूक आपली," म्हणते. मात्र परवा गुडघा दुखतो म्हणून मी तिला दवाखान्यात नेले, तेव्हा डॉक्टरांनी विचारण्याआधीच तिने पदराची गाठ सोडली आणि शेजारणीने दिलेल्या चुर्णाची पुडी टेबलावर ठेवली. म्हणाली, "हे बी औषधच हाय म्हनं. बघा घ्यावं का न्हाई."