नोकरदाराचा पोशाख आणि पडता काळ

मृगाचा पाऊस येण्यापूर्वीं मराठवाड्यांतला शेतकरी माळवदावर माती टाकतो, बियाणें निवडून ठेवतो आणि सरपण आडोशाला रचतो. नक्षत्राचा दिवस पंचांगांत छापलेला असतो, तरी तो आधींच तयारीला लागतो. नोकरी सुटण्याचा दिवस मात्र कोणत्याहि पंचांगांत छापलेला नसतो, आणि म्हणूनच नोकरदाराच्या घरीं त्याची बहुधा कसलीच तयारी नसते. चार पैसे शिल्लक टाकावे, विमा उतरावा, एवढा उपदेश सर्वत्र ऐकूं येतो. परंतु नोकरी गमावलेला मनुष्य दुसऱ्या नोकरीच्या दाराशीं उभा राहतो तेव्हां त्याची शिल्लक कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. त्याचा सदरा, त्याचे जोडे आणि त्याचा चेहरा दिसतो. 'एक नूर आदमी, दस नूर कपडा' ही म्हण दख्खनी वळणाच्या या भागांत चांगलीच रुळलेली आहे. तींत अतिशयोक्ति आहे खरी. पण दारांतल्या पहिल्या चार क्षणांपुरतें तींत तथ्यहि आहे.

यांत कोणी श्रोत्यांना वेषाची मिजास शिकवीत आहे, असें समजण्याचें कारण नाहीं. प्रश्न वेळेचा आहे. ज्या दिवशीं नीटनेटक्या कपड्यांची खरी गरज पडते, नेमका त्याच दिवशीं ते शिवण्यास पैसा नसतो. म्हणून तो विचार पगार चालू असतांनाच झाला पाहिजे.

नांदेड आणि लातूर या शहरांना पोशाख आणि नोकरी यांच्या नात्याचा अनुभव फार मोठ्या प्रमाणावर एकदां आलेला आहे. हीं दोन्हीं शहरें १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतीं. कचेरीची भाषा उर्दू होती आणि कचेरीचा पेहराव म्हणजे गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली शेरवानी. डोक्यावर पुष्कळदां रुमी टोपी असे. दरबारच्या प्रसंगीं डोक्याला दस्तार आणि कमरेला बगलूस नांवाचा पट्टा लागे. सरकारी नोकरींत शिरलेला मनुष्य हिंदु असो वा मुसलमान, शेरवानी ही त्याच्या प्रतिष्ठेची खूण होती. उलट खादीची टोपी ही राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत सलणारी वस्तु होती. १९३८ सालीं स्टेट काँग्रेसवर बंदी आली आणि सत्याग्रह झाला, तेव्हां ती घालून कचेरींत बढती मिळविण्याची आशा कोणी धरली नसती.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें आणि १७ सप्टेंबरला निजामानें शरणागति पत्करली. त्यापूर्वीं रझाकारांनीं केलेले अत्याचार आणि त्यानंतर निरपराध मुसलमानांची झालेली हत्या, जिची नोंद पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें नांदेड आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांविषयींहि केली आहे, हा विषय नोकरी आणि कपडे यांहून फार मोठा आहे. येथें त्या घडामोडींची एकच बाजू पाहावयाची आहे. १९४९ सालीं जहागिरी खालसा झाल्या. जहागीरदारांच्या पदरीं असलेले कारकून, कारभारी आणि शिपाई बेकार झाले. संस्थानी फौज मोडली. हळूहळू उर्दूचें कचेरींतील स्थान गेलें, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाड्याचे पांच जिल्हे मुंबई राज्यांत सामील झाले. दहा वर्षांपूर्वीं धोक्याची असलेली खादीची टोपी मानाची झाली आणि मानाची शेरवानी पेटींत गेली.

या उलथापालथींत एक गोष्ट स्पष्ट होते. कांहीं वस्त्रें खुर्चीचीं असतात आणि कांहीं माणसाचीं असतात. जीं खुर्चीचीं असतात तीं खुर्चीबरोबर जातात. बिल्ला, गणवेश, संस्थेचें नांव छापलेला सदरा, विशिष्ट दरबारी पेहराव, हीं सारीं त्या वर्गांतलीं. नोकरदार वर्षानुवर्षें त्यांवरच विसंबतो, आणि तीं उतरवावीं लागतात त्या दिवशीं त्याला कळतें कीं आपल्याजवळ आपलें असें फारच थोडें आहे. म्हणून पडत्या काळाची पहिली तयारी हीच, कीं खुर्चीच्या कपड्यांखेरीज स्वतःचा असा एक पोशाख प्रत्येकाजवळ असावा, आणि तो अंगावर परका दिसूं नये.

नांदेडच्या उस्मानशाही गिरणीकडे पाहिलें म्हणजे या प्रश्नाची दुसरी बाजू ध्यानांत येते. निजामी अमदानींत उभी राहिलेली ही कापडगिरणी १९७४ च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यानें राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि पुढें बंद पडली. साचेखात्यांत काम करणाऱ्याचे कपडे पिंजानें आणि तेलानें माखलेले असतात. चांगला कपडा तेथें घालून जाण्यांत अर्थ नसतो, आणि घरीं परतल्यावर तो घालण्याचें त्राण नसतें. त्यामुळें ज्याच्या हातून आयुष्यभर कापड उतरलें त्याच्याच घरीं चांगल्या कापडाचा जोड निघेल, याची खात्री नसते.

गिरणी असो वा दुसरा कोणताहि कारखाना, तो बहुधा एका दिवसांत बंद पडत नाहीं. आधीं एक पाळी कमी होते. मग बदली कामगार फाटकावरून परत पाठविले जातात. मग पगार लांबूं लागतो, आणि सर्वांत शेवटीं कुलूप लागतें. शहाणा मनुष्य कुलुपाची वाट पाहत नाहीं. पाळी कमी झाली, हीच शिंप्याकडे जाण्याची वेळ. कारण त्या महिन्याचा पगार अजून हातांत येणार असतो. पगार लांबूं लागल्यावर तोच पैसा वाण्याचा होतो.

आज हा प्रश्न गिरणी कामगारांपुरता राहिलेला नाहीं. साखर कारखान्यांतल्या हंगामी कामगाराला गळीत हंगाम संपला कीं दरवर्षीं घरीं बसावें लागतें. नांदेड येथें १९९४ सालीं स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरांत काय, किंवा राज्यांत इतरत्र काय, महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या प्राध्यापकाची नेमणूक शैक्षणिक वर्षाबरोबर संपते. लातूरच्या बाजारांत आडतीवर काम करणाऱ्या मुनिमाची नोकरी मालकाच्या शब्दावर असते.

कायद्यानें या बाबतींत कांहीं आधार दिला आहे, पण त्याचें माप ओळखून असावें. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यांत १९५३ सालीं जी तरतूद घालण्यांत आली, तिच्यानुसार किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगारास कमी करतांना एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागें १५ दिवसांचें सरासरी वेतन द्यावें लागे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेंतहि हेंच प्रमाण कायम आहे. बारा वर्षें नोकरी झालेल्या कामगाराचा हा हिशेब १८० दिवसांच्या वेतनाचा होतो. शिक्षक मात्र 'कामगार' या व्याख्येंत बसत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें गोव्यांतील एका शिक्षिकेच्या प्रकरणांत १९८८ सालीं दिलेला आहे. शिवाय मिळणारी रक्कम हातीं येईपर्यंत घरभाडें, मुलांची फी आणि किराणा यांनीं तिच्यावर आधींच हक्क सांगितलेला असतो. त्या रकमेंतून सदरा शिवावा, असें कोणत्याहि गृहिणीस सुचविणें कठीण आहे.

मग तयारी कोणती करावी? ती फार खर्चाची नाहीं. दोन संपूर्ण जोड पुरेत. एक नेहमीं वापरांतला चांगला, आणि दुसरा केवळ मुलाखतीसाठीं राखलेला. लग्नासाठीं शिवलेला भपकेदार कोट या कामीं निरुपयोगी होय. उन्हाळ्यांत पारा चाळिसाच्या वर जाणाऱ्या या प्रदेशांत तो घालून घामाघूम झालेला उमेदवार केविलवाणा दिसतो. फिक्या रंगाचा सुती सदरा आणि गडद रंगाची विजार हा जोड आडतीवर, बँकेंत आणि शाळेंत सारखाच चालतो, म्हणून तोच पसंत करावा. शिंप्याला शिवणींत बोटभर कापड राखावयास सांगावें. काळजीनें मनुष्य वाळतो आणि घरीं बसून स्थूलहि होतो, तेव्हां तें उपयोगी पडतें. विरलेली कॉलर उलटवून घेतली तर जुना सदरा आणखी वर्षभर निघतो. पायांत नवे जोडे नसले तरी चालेल, पण टांच झिजलेली नसावी. स्त्रियांनीं साडीपेक्षां पोलक्याकडे आधीं पाहावें. साडी वर्षानुवर्षें टिकते, पोलकें मात्र दोन वर्षांत अंगास येईनासें होतें.

स्वच्छतेचा विचार येथें पाण्यावांचून करतां येत नाहीं. एप्रिल २०१६ मध्यें लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. ज्या घरांत पिण्याची घागर मोजून भरावी लागते तेथें रोज कपडे धुणें ही चैन ठरते. म्हणून राखीव जोड अंगावरून उतरतांच वाऱ्यावर टांगावा, घामाची कड तेवढीच ओल्या फडक्यानें पुसावी, आणि घडी करून कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह पेटींत ठेवावा. असा जोड घामाच्या दिवसांतहि दोन वेळां घालण्याजोगा राहतो.

कपड्यांबरोबर आणखी दोन गोष्टी त्याच पेटींत असाव्या. पहिली, त्याच पोशाखांत काढून घेतलेलें छायाचित्र. अर्जावर चिंताक्रांत चेहरा लावण्यापेक्षां बऱ्या दिवसांतला लावणें केव्हांहि चांगलें. दुसरी, अनुभवाचा दाखला. तो सही करणारा अधिकारी खुर्चीवर असतांनाच मागून घ्यावा. संस्था बुडाल्यावर सहीसाठीं गांवोगांव हिंडण्याची पाळी पुष्कळांवर येते, आणि त्या वेळीं अंगावरचा उत्तम सदराहि कामास येत नाहीं.

आतां राहिली प्रतिमेची गोष्ट. नोकरी सुटल्यावरहि रोज दहाच्या ठोक्याला डबा घेऊन बाहेर पडणारे आणि संध्याकाळपर्यंत गोदावरीच्या घाटावर किंवा गंजगोलाईंत वेळ काढून परत येणारे गृहस्थ असतात. लोकांनीं विचारूं नये एवढीच त्यांची इच्छा असते. ती समजण्यासारखी आहे. पण ज्यानें ही गोष्ट कोणालाच सांगितली नाहीं त्याच्यासाठीं कोणी शब्दहि टाकूं शकत नाहीं. लहान शहरांतल्या पुष्कळ नोकऱ्या जाहिरातीपूर्वींच तोंडोतोंडीं कळतात. म्हणून घरच्या माणसांना ही गोष्ट पहिल्याच दिवशीं सांगावी, आणि चार विश्वासू परिचितांना आठवड्याच्या आंत. सांगतांना पूर्वीच्या मालकाची निंदा करूं नये. ऐकणारा मनांत हिशेब करतो कीं उद्यां हा आपल्याविषयींहि असेंच बोलेल. कर्ज काढून रेशमी थाट करणें हाहि लपविण्याचाच प्रकार होय, आणि त्याचा हप्ता बेकारीच्या पहिल्याच महिन्यांत दाराशीं येतो.

घरांत दाढी करून, स्वच्छ कपडे घालून बसण्यालाहि किंमत आहे. त्यानें नोकरी मिळते असें नाहीं. पण मुलें बापाकडे पाहत असतात, आणि घर अजून सावरलेलें आहे एवढें त्यांना त्यावरून कळतें. ज्यांची नोकरी आज सुरळीत चालू आहे अशा श्रोत्यांनीं येत्या पगाराच्या दिवशीं आपली पेटी एकदां उघडून पाहावी. तींत कचेरीचे कपडे किती आणि आपले स्वतःचे किती, याची मोजदाद करावी. मोजणीअंतीं दुसऱ्या वर्गांत एकहि जोड निघाला नाहीं, तर त्याच आठवड्यांत शिंप्याकडे माप द्यावें.